आवाजासाठी घातलेली तार

आपल्या घरात कुठल्या तरी कोपऱ्यात, बहुधा टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटाच्या डोक्यावर, एक लहानशी पेटी असते. तिला दोन-चार शिंगे असतात, पुढच्या अंगाला बारीक दिवे लुकलुकत असतात, आणि वर बोटभर धूळ साचलेली असते. एरवी तिची आठवण कोणालाच होत नाही. दिवा तांबडा झाला की मात्र "नेट गेलं!" अशी आरोळी उठते, घरातले कोणीतरी उठून तिचे बटण बंद करते, मनाशी दहा आकडे मोजते आणि पुन्हा चालू करते. एवढ्या औषधाने गुण आला, की सारेजण तिला पुन्हा विसरून जातात.

या पेटीची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. मी इतिहासाचा मास्तर. यंत्रे दुरुस्त करणे हा माझा धंदा नव्हे. पण एखादा रस्ता कोणी बांधला, कोणासाठी बांधला, आणि पुढे त्यावरून भलतेच कोण चालू लागले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. घरातला संगणक बाहेरच्या जगाशी जोडला गेला तो काही नवा रस्ता बांधून नव्हे. दुसऱ्याच कामासाठी घातलेली एक जुनी तार होती, तिच्यावरून तो चोरपावलांनी गेला. आणि जुन्या रस्त्याने जायचे म्हणजे रस्ता बांधणाऱ्याने मनात जो वाटसरू धरलेला असतो, त्याच्या चालीने चालावे लागते. त्या वाटसरूसारखा जो नसेल, त्याचे काय होते? वाचकहो, माझ्या सांगण्याचा सारा मुद्दा एवढाच आहे.

प्रथम पेटी उघडून पाहू. या एका पेटीत पुष्कळदा दोन निराळी यंत्रे एकत्र बिऱ्हाड करून राहिलेली असतात. एक मोडेम आणि दुसरे राउटर. मोडेम हा दुभाष्या. संगणकाची भाषा तारेला समजेल अशी करून सांगणे आणि तारेवरून आलेले संगणकाला समजेल असे उलगडून देणे, हे त्याचे काम. राउटर हा टपाल वाटणारा. कोणते पाकीट घरातल्या कोणत्या यंत्राचे, आणि बाहेर जाणारे पाकीट कुठल्या दिशेला सोडायचे, हे तो ठरवतो. दोघांची कुळे वेगळी, जन्मस्थाने वेगळी. एका छपराखाली ते फार उशिरा आले.

आधी दुभाष्याची गोष्ट. पण दुभाष्याच्या आधी तारेची.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ७ मार्च १८७६ रोजी. पुढे सहाच वर्षांत, १८८२ साली, आपल्या मुंबईत टेलिफोनचे केंद्र सुरू झाले. दोन तांब्याच्या तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, म्हणजे शेजारच्या तारांचा गोंगाट त्यात कमी शिरतो, ही युक्तीही बेल यांचीच, १८८१ मधली. ही पीळदार जोडी पुढे शंभर वर्षे गावोगावच्या खांबांवरून आणि जमिनीखालून पसरत गेली.

ही सारी यंत्रणा एकाच गोष्टीसाठी बेतलेली होती, ती म्हणजे माणसाचा आवाज. आवाजही सगळा नव्हे. बोलणे समजायला पुरते तेवढाच भाग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचा, पुढे जाऊ द्यायचा आणि बाकीचा केंद्रावर छाटून टाकायचा, असा हिशेब पुढे रूढ झाला. म्हणून तर टेलिफोनवर 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होई आणि गाणे ऐकवले तर त्यातला गोडवा निम्म्याने कमी होई. पण कामाचे बोलणे भागत असे. तार घालणाऱ्याच्या मनात जो माणूस होता, तो बोलणारा आणि ऐकणारा माणूस होता.

इथे इतिहासाची एक क्रूर गंमत आहे. बेल हे मूळचे बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले होते, आणि पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती बालपणीच्या आजारात गेलेली होती. बहिऱ्यांना बोलते करण्यासाठी आवाजाचा अभ्यास करता करता ज्या माणसाला टेलिफोन सुचला, त्याच्याच घरातली दोन अत्यंत जवळची माणसे त्या टेलिफोनला पारखी राहिली. आणि जगभरचे सारे बहिरे लोकही. फोन हे सुधारलेल्या जगाचे दार झाले, आणि त्या दारावर 'फक्त ऐकू येणाऱ्यांसाठी' अशी न लिहिलेली पाटी लागली.

आता दुभाष्याकडे येऊ. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी सेज नावाची यंत्रणा उभी राहत होती. दूरदूरच्या रडारांची माहिती संगणकांपर्यंत पोचवायची होती, आणि त्यासाठी हाताशी असलेली तार होती टेलिफोनचीच. संगणकाची भाषा तर नुसती 'एक' आणि 'शून्य' यांची. ती आवाजाच्या तारेवर घालायची कशी? उत्तर सोपे निघाले: संगणकाला गायला शिकवा! 'एक' साठी एक सूर, 'शून्य' साठी दुसरा. या सूर चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या यंत्राच्या दोन इंग्रजी नावांची डोकी जोडून मोडेम हा शब्द तयार झाला. १९५८ च्या सुमारास अशी यंत्रे कामाला लागली, आणि १९६२ साली 'बेल १०३' नावाचे मोडेम बाजारात आले. त्यात फोन करणारी बाजू शून्यासाठी १०७० आणि एकासाठी १२७० कंपनांचा सूर लावी. फोन घेणारी बाजू २०२५ आणि २२२५ चा. पहिल्या जोडीतले अंतर पेटीवरच्या सा आणि कोमल गंधार यांच्यामधल्या अंतराएवढे आहे. म्हणजे दोन यंत्रे एकाच तारेवर एकाच वेळी, पण निरनिराळ्या पट्टीत गात होती. वेग सेकंदाला ३०० चिन्हांचा, म्हणजे इंग्रजीची सुमारे ३० अक्षरे. छापील एक पान जायला मिनिटभर लागावे.

पण हे यंत्र घरोघर कसे जाणार? अमेरिकेत त्या काळी बहुतेक सारी टेलिफोन-यंत्रणा एकाच बड्या कंपनीच्या हाती होती. तार तिची, खांब तिचे, आणि तुमच्या घरातले टेलिफोनचे यंत्रही तिचेच. त्या तारेला ग्राहकाने स्वत:चे काहीही जोडायचे नाही, असा तिचा दंडक. आणि या दंडकातून वाट काढणाऱ्यांत कोण पुढे असावे? ज्यांना टेलिफोनने दाराबाहेर ठेवले होते, तेच!

कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाचे एक पदार्थवैज्ञानिक होते. ते जन्मत: बहिरे. त्यांना रेडिओवरून टंकयंत्राने संदेश पाठवण्याचा छंद होता. जेम्स मार्स्टर्स हे पासाडेनाचे दंतवैद्य, तेही बहिरे. त्यांनी वाइटब्रेख्ट यांना विचारले, "जे तुम्ही रेडिओवर करता, ते टेलिफोनवर का करू नये?" तारेला हात लावायला बंदी होती, पण टेलिफोनच्या कानापाशी आवाज करायला तर बंदी नव्हती ना? वाइटब्रेख्ट यांनी टेलिफोनचा हँडसेट ज्यात पालथा निजवता येईल असे एक पाळणे तयार केले. टंकयंत्राने सूर काढायचे, ते हवेतून हँडसेटच्या तोंडात जायचे, पलीकडे तसेच हँडसेटच्या कानातून सूर बाहेर पडायचे, आणि तिकडचे टंकयंत्र ते कागदावर उमटवायचे. १९६४ साली हे दोघे बहिरे मित्र टेलिफोनवरून एकमेकांशी 'बोलले'. बेल यांच्या पेटंटानंतर ८८ वर्षांनी.

कंपनीच्या तारेला त्यांनी नखही लावले नव्हते. तारेच्या दृष्टीने कोणीतरी विचित्र आवाजाचा माणूस बोलत होता, इतकेच!

हीच पाळण्याची युक्ती संगणकाच्या लोकांनीही वापरली. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने टेक्ससच्या थॉमस कार्टर या व्यावसायिकाच्या प्रकरणात निकाल दिला, की यंत्रणेला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपले उपकरण टेलिफोनच्या तारेला जोडायला हरकत नाही. तो अमलात यायला आणखी काही वर्षे गेली. पण १९७० चे दशक संपता संपता भिंतीवर ठरावीक मापाची खाच आणि तिच्यात टच्चकन बसणारी खुंटी आली, आणि मोडेम थेट तारेला लागले. १९८१ साली डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी 'स्मार्टमोडेम' काढले. ते स्वत: नंबर फिरवी आणि स्वत: फोन ठेवी. आता प्रश्न असा, की संगणकाकडून येणाऱ्या अक्षरांपैकी पलीकडे पाठवायचा मजकूर कोणता आणि मोडेमला दिलेला हुकूम कोणता, हे त्याला कळावे कसे? तोड मोठी मार्मिक होती: आधी एक सेकंद गप्प राहायचे, मग अधिकाची तीन चिन्हे, मग पुन्हा एक सेकंद गप्प. जो बोलता बोलता असा थांबतो, त्याला काहीतरी वेगळे सांगायचे आहे. मौनाचे व्याकरण, म्हणा ना!

आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेटचे दार उघडले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेने. त्याआधी १९८६ पासून एर्नेट या प्रकल्पाने मुंबईच्या आय. आय. टी. सारख्या काही संस्था जोडायला घेतल्या होत्या. पण ते विद्वानांचे जग. घरातल्या माणसाला वाट मिळाली ती १९९५ नंतर, आणि १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर ती रुंदावली. त्या काळच्या मोडेमचा आवाज ज्यांनी ऐकला असेल, ते तो विसरणार नाहीत. आधी नंबर फिरल्याची टिकटिक, मग एक लांब शिट्टी, मग घुर्र-खर्र अशी भांडणे, आणि मग एकदम शांतता. त्या शिट्टीला अर्थ होता, बरं का. लांबच्या फोनवर आपलाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून केंद्रांवर प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे बसवलेली असत. माणसांच्या सोयीची ही व्यवस्था मोडेमला मात्र अडचणीची. म्हणून पलीकडचे मोडेम प्रथम २१०० कंपनांचा सूर लावून सांगे: आता बोलणार आहेत ती माणसे नव्हेत, तुमचे दाबणे जरा थांबवा. तारेच्या मनातला माणूस बाजूला सरकल्याशिवाय यंत्राला बोलता येत नव्हते.

आणि यंत्र बोलू लागले, की माणूस बाहेर. ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही.

२००० सालचा पावसाळा. आम्ही साताऱ्याला राहत होतो; माझे एम. ए. चालू होते. घरात एक जुना संगणक आणि एक मोडेम आणले होते. रात्री बिल कमी येते म्हणून जेवणे झाली की मी बसत असे, आणि परदेशातल्या ग्रंथालयांच्या याद्या चाळत असे. एकेक पान उतरायला इतका वेळ लागे, की मधल्या वेळात चहा होऊन जाई. त्या रात्री मी नऊ ते अकरा असा बसलो होतो. अकराला खुंटी काढून फोनला लावली, आणि तत्क्षणी घंटा वाजली. चिपळूणहून मामा. "अरे, दोन तास झाले, फोन लागत नाही तुमचा! आप्पांना झटका आलाय. ताईला दे आधी."

चिपळूणकडे जाणारी रात्रीची एसटी निघून गेली होती. पहाटेच्या गाडीने घाट उतरून आम्ही पोचलो, तेव्हा आजोबांची वाचा गेलेली होती. मामा म्हणाले, "मध्यरात्रीपर्यंत बोलत होते. ताईला बोलवा, म्हणत होते." त्यानंतर आजोबा दीड वर्ष जगले, पण शब्द म्हणून उमटला नाही. आईने मला कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसापासून निजण्यापूर्वी ती स्वत: उठून पाही, की खुंटी फोनला आहे ना.

दोष कोणाचा? तारेचा तर मुळीच नव्हे. ती एका वेळी एकच संभाषण वाहण्यासाठी घातलेली होती. आणि त्या दोन तासांत माझे यंत्र तिच्यावर, माणसाचे सोंग घेऊन, बडबडत बसले होते.

वेगाचीही भिंत लागली होती. टेलिफोनचे केंद्र आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेते, आणि प्रत्येक नमुना आठ चिन्हांत मांडते. म्हणजे सेकंदाला ६४००० चिन्हे. १९९८ मध्ये प्रमाणित झालेले मोडेम ५६००० पर्यंत पोचले. तीनशेपासून छप्पन हजारांपर्यंत! पण याच्या पलीकडे जाणे आता नव्हते.

मग ब्रॉडबँड आले कुठून? तर त्याच तारेतून. भिंत होती ती केंद्रातल्या व्यवस्थेला, तांब्याला नव्हती. आवाजाची पट्टी जिथे संपते, तिच्यावर तारेत मोठी मोकळी जागा पडून होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेलकोर या संशोधनसंस्थेतल्या जोसेफ लेचलायडर यांनी दाखवले, की घराकडे येणारी वाट रुंद आणि घरातून जाणारी अरुंद ठेवली, तर या मोकळ्या जागेतून फारच मोठा वेग मिळतो. कारण केंद्रापाशी शेकडो तारा एकाच जुडग्यात येतात. लांबच्या घरातून थकून आलेला क्षीण संदेश शेजारच्या तारेवरून नुकत्याच निघालेल्या दमदार संदेशाच्या गोंगाटात बुडून जातो. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या केल्या आणि जाणारी लहान ठेवली, की भांडण मिटते. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी आणि त्यांचे सहकारी यांनी या जागेचे बारीक बारीक पट्टे पाडण्याची रीत यशस्वी करून दाखवली. सेकंदाला ११ लाख कंपनांपर्यंतच्या जागेचे एकूण २५६ पट्टे; तळचे थोडे आवाजाला सोडून द्यायचे, आणि बाकीच्या प्रत्येकाची परीक्षा घेऊन, जसा बैल तसे ओझे, या न्यायाने कमीजास्त भार घालायचा. त्या तारेवरची पेटी चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकत असे, तेव्हा ही परीक्षाच चाललेली असे.

मजा अशी, की टेलिफोन कंपन्यांना हे हवे होते घरी सिनेमे दाखवण्यासाठी, केबल टीव्हीच्या स्पर्धेत. तो बेत तेव्हा फळाला आला नाही. पण रस्ता तयार झाला होता, आणि त्यावरून इंटरनेट गेले. तिकडे केबल टीव्हीवाल्यांनीही आपल्या तारेसाठी मोडेमचे प्रमाण १९९७ साली ठरवले. म्हणजे सिनेमाची तार आणि बोलण्याची तार, दोन्ही आपापले मूळ काम सांभाळून तिसऱ्याच्या चाकरीला लागल्या.

आपल्याकडे २००४ च्या ऑक्टोबरात ब्रॉडबँडचे धोरण जाहीर झाले. सेकंदाला २५६ हजार चिन्हे आणि त्यावर, त्याला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरले. २००५ च्या जानेवारीत सरकारी टेलिफोन कंपन्यांची सेवा सुरू झाली. आमच्या घरी पुढच्या वर्षी आली. एक लहानशी डबी भिंतीवर बसली. तिच्यातून एक तार फोनला गेली आणि एक मोडेमला. नेट चालू असताना फोनची घंटा वाजली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि आधी संगणकाकडे, मग फोनकडे पाहत राहिली. "दोन्ही?" एवढेच ती म्हणाली. सहा वर्षांपूर्वी हे असते तर, असे आम्हा दोघांच्याही मनात आले असणार. बोलले कोणीच नाही.

पण या तारेलाही अंतराची मर्यादा होती. केंद्रापासून चार-पाच किलोमीटर झाले, की वेग गळून जाई. केंद्राजवळ ज्याचे घर, त्याचे जग मोठे. लांबच्या वाडीवर ज्याचे घर, त्याचे लहान. कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. तार कुठपर्यंत आणि किती लांब, एवढ्यावर ते ठरून गेले होते.

आता पेटीतल्या दुसऱ्या बिऱ्हाडकरूकडे, म्हणजे राउटरकडे, वळू. टेलिफोनमध्ये दोन माणसे बोलतात तोवर सारी वाट त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते, मग ती गप्प का बसेनात. संगणकांना हे परवडणारे नव्हते. अमेरिकेत पॉल बरान आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे एकच विचार मांडला: मजकुराचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला, आणि रस्ता कोणासाठीही न राखता सोडून द्या. ही रीत आपल्या रेल्वेच्या टपालाची. डब्यात पत्रे लावणाऱ्याला साऱ्या देशाचा नकाशा ठाऊक असावा लागत नाही. हे पत्र पुढच्या कोणत्या थैलीत, एवढे कळले की पुरे. असे काम करणारी पहिली यंत्रे १९६९ साली बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने तयार केली. एकेक यंत्र फ्रिजएवढे मोठे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. पहिली दोनच अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. आपल्या कपाटावरच्या राउटरचे हे खापरपणजोबा!

विद्यापीठातला हा टपालवाला घरात का आला? पत्ते अपुरे पडू लागले म्हणून. इंटरनेटचा पत्ता १९८१ मध्ये ३२ चिन्हांचा ठरला. त्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा ते अफाट वाटले. पण घरोघर संगणक, आणि एका घरात दोन-तीन, असे होऊ लागल्यावर तूट दिसू लागली. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तात्पुरती तोड सुचवली. ती समजायला पुण्यातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाटी एकाच घरांकाची, आत बिऱ्हाडे दहा. पोस्टमन सगळी पत्रे दिंडीपाशी टाकतो. आतला कोणी जाणता माणूस कोणाचे कोणते ते ओळखून वाटतो. राउटर हेच करतो. घरातल्या यंत्रांना तो आतले क्रमांक देतो, बाहेर सर्वांच्या वतीने एकच पत्ता दाखवतो, आणि कोणी काय मागवले होते याची वही ठेवून, आलेले उत्तर त्या त्या यंत्राला पोचते करतो. म्हणून तर तुमच्या आणि माझ्या घरातले आतले क्रमांक सारखेच असले तरी घोटाळा होत नाही. तीन नंबरची खोली प्रत्येक वाड्यात असतेच. नव्या, १२८ चिन्हांच्या पत्त्यांची सोय १९९० च्या दशकातच झाली आणि जुन्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला. पण तात्पुरती तोड अजून घरोघर चालू आहे.

या व्यवस्थेचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. टेलिफोन होता तेव्हा कोणीही आपल्या घरची घंटा वाजवू शकत असे. वाड्याच्या दिंडीआडचा संगणक मात्र आपण होऊन बाहेर हाक मारतो तेव्हाच त्याला उत्तर मिळते. बाहेरच्याला थेट त्याला हाक मारता येत नाही. बोलणे सुरू करायचे तर दोघांनाही मध्यस्थाच्या दारी जावे लागते. हे मध्यस्थ मोठे आणि धनवान झाले, त्यात या वहीचाही थोडा हात आहे.

पेटीची शिंगे ही तिची तिसरी विद्या. १९८५ मध्ये अमेरिकेने काही रेडिओलहरी परवान्याविना वापरायला मोकळ्या केल्या; त्यांतला एक पट्टा सूक्ष्मलहरींच्या शेगडीचा असल्यामुळे दळणवळणाला कुचकामाचाच समजला जात होता. त्याच पडीक जमिनीवर १९९७ आणि १९९९ च्या प्रमाणांनी वायफाय उभे राहिले. आपल्याकडे हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला.

आता तांबे मागे पडत चालले आहे. पुष्कळ घरांत काचेचा धागा आला आहे, आणि त्यातून प्रकाश येतो. त्या पेटीला आपण सवयीने मोडेमच म्हणतो. तिच्या पाठीमागे एक लहान खाच असते. साधा टेलिफोन त्यात लावता येतो. जरा थांबून हा उलटफेर पाहा. एके काळी संगणक आवाजाच्या तारेवर, माणसाचे सोंग घेऊन, अंग चोरून जात होता. आज माणसाचा आवाज त्याच पाकिटांत चिरला जाऊन संगणकाच्या रस्त्याने पाहुण्यासारखा जातो. मालक आणि पाहुणा यांची अदलाबदल झाली.

आणि ज्यांच्यासाठी कोणतीच तार घातली गेली नव्हती, त्यांचे काय झाले? आमच्या महाविद्यालयात एक विद्यार्थिनी आहे. तिला ऐकू येत नाही. मधल्या सुट्टीत ती जिन्याच्या वळणावर उभी राहते, कारण ग्रंथालयातल्या राउटरच्या लहरी तिथपर्यंत चांगल्या येतात. मोबाइल कठड्यावर टेकवून ती दोन्ही हातांनी आईशी बोलते. तिची आईही बहिरी आहे.

मी तिला पाहतो तेव्हा लेचलायडर यांची ती अरुंद वाट आठवते. घराकडे येणारे जास्त, घरातून जाणारे थोडे. ऐकून घेणाऱ्या, पाहत बसणाऱ्या माणसासाठी ते ठीक होते. पण जी माणसे हातांनी बोलतात, त्यांना आपले चित्र बाहेर पाठवायलाही तेवढीच रुंद वाट लागते, जेवढी पलीकडचे पाहायला. त्या युक्तीने आम्हां मायलेकरांची अडचण सोडवली, आणि या मायलेकींची तशीच राहू दिली. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. फक्त मनात धरलेला माणूस निराळा होता.

परवा त्या जिन्यावर राउटर बंद पडला. मुलीचे हात हवेतच थांबले. मी ग्रंथालयात गेलो, पेटीचे बटण बंद केले, मनाशी दहा मोजले आणि पुन्हा चालू केले. दिवे लुकलुकून स्थिर झाले. बाहेर येऊन पाहतो, तो मुलगी पुन्हा भरभर बोलत होती, आणि आई पलीकडून हसत होती. काय बोलत होत्या, ते मला कळले नाही. ते माझ्यासाठी नव्हतेच.